फ्री थ्रोच्या वेळी आरडाओरडा: किती चालतो आणि शिट्टी कुठे वाजते

बास्केटबॉलचा सामना संपायला अकरा सेकंद होते. पाहुणा संघ एका गुणाने मागे, आणि त्यांच्या सात नंबरच्या मुलीला दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचे चेंडू) मिळालेले. पंचवटीतलं उघड्यावरचं कोर्ट, जानेवारीतली संध्याकाळ, आणि यजमानांच्या पोरांनी बास्केटच्या मागे ढोलपथकच आणून उभं केलेलं. नाशिकचा ढोल कानाला ऐकू येण्याआधी छातीत वाजतो. मी रेफरी, बेसलाइनवर (बास्केटमागच्या रेषेवर) चेंडू बगलेत धरून उभी होते. दोन बोटं दाखवून चेंडू द्यायला पुढे झाले, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी खरीखुरी शिट्टी फुंकली. अगदी रेफरीची असते तशी. बास्केटसमोर दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या असलेल्या खेळाडूंपैकी दोघी दचकून आत आल्या.

चेंडू अजून माझ्याच हातात होता म्हणून निभावलं. मी दोन पावलं मागे गेले, आयोजकांना बोलावलं, शिट्टी जप्त झाली, ढोल बास्केटमागून उठून बाजूला गेले. सामन्यानंतर त्या पोरांपैकी एक जण आला. "ताई, आम्ही मग ओरडायचंच नाही का?"

ओरडायचं की. फक्त आपण कोण आहोत हे आधी बघायचं. प्रेक्षकाला जे चालतं ते बेंचवरच्या खेळाडूला चालत नाही, आणि बेंचवरच्याला एखाद वेळी खपून जातं ते रांगेत उभ्या असलेल्याला खपत नाही. फ्री थ्रो घेणाऱ्याच्या जितकं जवळ, तितके हात-तोंड बांधलेले. नव्याने खेळायला लागलेल्यांसाठी, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या आई-बाबा, मित्रमंडळींसाठी, हे टप्प्याटप्प्याने सांगते.

पायरी १: टीव्हीवरचे नियम घरी ठेवून या

आपल्याकडे शालेय, कॉलेज आणि क्लब सामने फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, नियम वेगळे. सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेवरून. एनबीएत फ्री थ्रोसाठी १० सेकंद मिळतात, फीबात ५. मिलवॉकी संघाचा यानिस अंटेटोकुंपो लाइनवर फार वेळ घेतो म्हणून २०२१ च्या प्लेऑफमध्ये विरोधी प्रेक्षक मोठ्याने एक ते दहा मोजायचे. ते बघून आपल्याकडचीही पोरं मोजायला लागली. पण त्यांचे आकडे इतके पळतात की तिसऱ्या सेकंदाला ती दहावर पोचलेली असतात. रेफरी स्वतःचे आकडे मोजतो, तुमचे नाही. आणि त्या यानिसचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती, त्याचे १९ पैकी १७ फ्री थ्रो पडले, त्याने ५० गुण केले आणि मिलवॉकीने विजेतेपद नेलं.

पायरी २: कोण कुठे उभं राहतं ते समजून घ्या

फ्री थ्रोची लाइन बोर्डापासून ४.६ मीटरवर असते, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. थ्रो घेणारा लाइनच्या मागे, अर्धवर्तुळाच्या आत. शेवटच्या थ्रोला पेंटच्या (बास्केटसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) दोन्ही कडांना मिळून जास्तीत जास्त पाच जण उभे राहू शकतात. तीन बचाव करणाऱ्या संघाचे, दोन थ्रो घेणाऱ्याच्या संघाचे. बास्केटला अगदी लागून असलेल्या दोन्ही जागा बचाव करणाऱ्यांच्या. बाकी सगळे फ्री थ्रो लाइनच्या आणि तीन गुणांच्या रेषेच्या मागे.

नवीन मुलं इथेच चुकतात. जागा आपली आहे की नाही हे न बघता घुसतात, मग रेफरीला "तू नाही, तू नाही" करत बसावं लागतं. शिवाय जिथे थ्रोनंतर चेंडू खेळात राहणारच नसतो, म्हणजे टेक्निकल फाउलचा (अंगाला धक्का न लागता, गैरवर्तनाबद्दल दिलेल्या फाउलचा) थ्रो वगैरे, तिथे रांग लागतच नाही. सगळे मागे.

पायरी ३: चेंडू हातात आल्यापासून रिंगला लागेपर्यंत

रेफरी बोटांनी थ्रोची संख्या दाखवतो, सगळे आपापल्या जागी आहेत का बघतो आणि मग चेंडू एक टप्पा देऊन थ्रो घेणाऱ्याकडे सोडतो. तिथून ५ सेकंद सुरू. तेवढ्यात चेंडू हातातून सुटला पाहिजे. कसा टाकायचा यावर बंधन नाही. रिक बॅरी दोन्ही हातांनी खालून टाकायचा आणि एनबीएत त्याचे सुमारे ९० टक्के फ्री थ्रो पडायचे. आपल्याकडे कुणी तसं टाकलं तर अख्खं कोर्ट हसतं, म्हणून कुणी टाकत नाही. मला हे नेहमीच विचित्र वाटत आलंय.

थ्रो घेणाऱ्यावर तीन बंधनं आहेत. चेंडू बास्केटमध्ये जाईपर्यंत किंवा रिंगला लागेपर्यंत लाइनला पाय लावायचा नाही. टाकल्यासारखं करून थांबायचं नाही. आणि चेंडू निदान रिंगला तरी लागला पाहिजे; एअर बॉल हा थ्रो घेणाऱ्याचाच नियमभंग. यातलं काही मोडलं तर चेंडू आत गेला तरी गुण नाही. त्याच वेळी रांगेतला दुसरा कुणी चुकला असेल तर ती चूक मोजलीही जात नाही.

फसवा थ्रो विशेष लक्षात ठेवा. समोरचे आधीच आत उडी मारतील, मग त्यांच्यावर शिट्टी वाजेल, असा हिशोब करणारे हुशार प्रत्येक कॉलेजात एक-दोन असतातच. शिट्टी त्यांच्यावरच वाजते.

पायरी ४: रांगेत उभे असाल तर

तुमचं काम एकच: चेंडू हातातून सुटेपर्यंत आपल्या जागेत राहायचं. पाय पेंटमध्ये टाकायचा नाही आणि आपल्या कृतीने थ्रो घेणाऱ्याचं लक्ष विचलित करायचं नाही. "कृती" या शब्दात बरंच मावतं. चेंडू वर जाताना हात एकदम उंचावणं, ऐन वेळी टाळी, बूट आपटणं, "हुकणार, हुकणार" असं पुटपुटणं.

मी स्वतः यातून गेले आहे. कॉलेजात असताना परगावच्या मैदानावर माझ्या प्रत्येक थ्रोला रांगेतली पहिली मुलगी खोकायची. अगदी कोपर वर गेलं की खोकला. बोलावं तर काय बोलणार, खोकला आहे. दुसऱ्यांदा रेफरी सर तिच्याकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा माझा थ्रो हुकला आणि त्यांनी शिट्टी वाजवून मला बदली थ्रो दिला. तोही हुकला. खोकणाऱ्या मुलीने आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही हसू आवरेना.

नव्या खेळाडूने नेमकं काय करावं? हात कमरेच्या वर पण स्थिर, गुडघे थोडे वाकवलेले, नजर रिंगवर. हात आधीपासून वर धरून स्थिर ठेवले तर सहसा कुणी हरकत घेत नाही. हलवले की प्रश्न येतो. रेफरी चेंडू देण्याआधीच "हात खाली, बारा नंबर" असं म्हणाला, तर ते शांतपणे ऐका. ती शिक्षा नाही, शिक्षा टाळायची शेवटची संधी आहे. चांगले रेफरी शिट्टीपेक्षा अशा दोन शब्दांवरच सामना काढतात.

पायरी ५: रेफरी काय करतो, आणि लगेच शिट्टी का वाजवत नाही

प्रेक्षकांना सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. "सर, दिसलं नाही का? ती हलली!" दिसलेलं असतं. पण चूक बचाव करणाऱ्याची असेल तर रेफरी आधी चेंडूचं काय होतं ते बघतो, कारण निकाल त्यावर ठरतो.

चेंडू आत गेला तर गुण धरला जातो आणि रांगेतल्याची चूक सोडून दिली जाते. थ्रो घेणाऱ्याचं काहीच नुकसान झालेलं नाही. चेंडू हुकला आणि चूक विरोधी खेळाडूची असेल, तर बदली थ्रो. दोनपैकी पहिला थ्रो असला तरी हेच. शेवटचा थ्रो हुकला आणि चूक थ्रो घेणाऱ्याच्याच साथीदाराची असेल, तर चेंडू विरोधी संघाला, फ्री थ्रो लाइनच्या सरळ रेषेत बाजूच्या रेषेवरून. शेवटच्या थ्रोला दोन्ही संघांचे खेळाडू चुकले आणि चेंडू पडला नाही, तर गुणलेखकाच्या टेबलावरचा बाण (अशा वेळी चेंडू आळीपाळीने कुणाला द्यायचा ते दाखवणारा) ज्याच्या बाजूने असेल त्याला चेंडू.

म्हणजे विरोधकाला डिवचून तुमच्या हाती काय लागतं? थ्रो पडला तर गुण गेला, हुकला तर तो पुन्हा घेणार. रांगेतल्या खेळाडूने खोडी करण्यात गणितच बसत नाही. एवढं एक वाक्य मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते आणि निम्म्या खोड्या तिथेच थांबतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी टेक्निकल फाउल आहे. डोळ्यांसमोर हात नाचवणं, जवळ जाऊन मोठ्याने ओरडणं, पाय जोरात आपटणं, टाळ्या वाजवणं, हे चेंडू टाकणाऱ्याला मुद्दाम गडबडवणं झालं. फीबाच्या अधिकृत खुलाशात याची रीतही दिली आहे: टाकणाऱ्याचं नुकसान झालं नाही तर ताकीद, झालं तर टेक्निकल. ताकीद त्या खेळाडूला आणि त्याच्या प्रशिक्षकालाही मिळते, आणि त्याच संघातल्या दुसऱ्या कुणी पुन्हा तसंच केलं तर मग टेक्निकल. "मला कुठे सांगितलं होतं, सर?" हे तिथे चालत नाही. एकाला सांगितलं ते सगळ्यांना सांगितलं.

टेक्निकलला समोरच्यांना एक थ्रो मिळतो. तो लगेच घ्यायचा, रांग न लावता, त्यांच्यातला कुणीही घेऊ शकतो, म्हणजे अर्थातच त्यांचा सगळ्यात पक्का हात. नंतर खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे. खेळाडूचा टेक्निकल संघाच्या फाउलमध्येही मोजला जातो. एका क्वार्टरमध्ये चार भरले की पुढच्या साध्या बचावाच्या फाउललाही दोन थ्रो. आणि एकाच खेळाडूला दोन टेक्निकल झाले तर तो सामन्याबाहेर.

साधा नियमभंग कुठे संपतो आणि टेक्निकल कुठे सुरू होतो? खरं सांगायचं तर ही रेघ रेफरीगणिक थोडी सरकते. माझा स्वतःचा निकष हेतूचा आहे. घाईत पाय आत गेला, हात हलला, तर नियमभंग. माझ्याकडे चोरून बघून मग टाळी वाजवली, तर टेक्निकल. ज्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं, तो आधी रेफरीकडे बघतोच.

पायरी ६: बेंचवर बसला असाल तर

बसा. उभं राहण्याची मुभा प्रशिक्षक आणि साहाय्यक यांपैकी एका वेळी एकालाच असते. बेंचवरून टॉवेल फिरवणं, थ्रोच्या क्षणी सगळ्यांनी मिळून पाय आपटणं, समोरच्या मुलीचं नाव घेऊन चिडवणं यावर टेक्निकल लागू शकतो, आणि तो गुणपत्रकावर प्रशिक्षकाच्या नावापुढे चढतो. असे तीन चढले की प्रशिक्षकच बाहेर. एका शालेय सामन्यात नववीतल्या पोरांनी बेंचवरून पाय आपटून आपटून आपल्या सरांच्या नावावर दुसरा टेक्निकल चढवला. सर मागे वळून काहीच बोलले नाहीत, नुसतं बघितलं. उरलेला सामना तो बेंच वाचनालयासारखा होता.

बेंचचं एक गुपित सांगते, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फीबाच्या मांडणीत पहिल्या अर्ध्यात तुम्ही ज्या बास्केटचा बचाव करता ते तुमच्याच बेंचच्या बाजूला असतं. म्हणजे पहिल्या दोन क्वार्टरमध्ये विरोधी संघाचे फ्री थ्रो तुमच्या बेंचजवळ पडतात. मध्यंतरानंतर बाजू बदलतात आणि ते लांबच्या टोकाला जातात. त्यामुळे बेंचच्या खोड्या बहुतेक पहिल्या अर्ध्यातच होतात आणि अनुभवी रेफरीचा एक कान तेव्हा तिकडे असतो.

पायरी ७: प्रेक्षक असाल तर (इथे मजा आहे)

प्रेक्षकांचं ओरडणं, हात हलवणं, घोषणा हा खेळाचाच भाग आहे. तेवढ्यावरून रेफरी बदली थ्रो देत नाही. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी २०१३ पासून बास्केटच्या मागे चक्क पडदा लावतात. विरोधी खेळाडू थ्रो घ्यायला लागला की पडदा उघडतो आणि आतून काहीतरी भलतंच बाहेर येतं. जानेवारी २०१६ मध्ये त्या पडद्यामागून पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदकं घालून मायकेल फेल्प्स निघाला. लाइनवरच्या बिचाऱ्याचे दोन्ही थ्रो हुकले. ऑलिम्पिकमधला सगळ्यात यशस्वी जलतरणपटू समोर नाचत असेल तर कोणाचा पडेल?

आपल्याकडे फेल्प्स नाही, पण करायचंच असेल तर नीट करा.

आधी बोर्ड बघा. बोर्ड काचेचा किंवा ॲक्रिलिकचा असेल तरच मागचं दिसतं. नाशिकमध्ये अनेक शाळा-सोसायट्यांच्या उघड्या कोर्टवर अजून प्लायवुडचे रंगवलेले बोर्ड आहेत. त्यांच्या बरोबर मागे उभं राहून नाचणाऱ्या पोरांना बघून मला दया येते. थ्रो घेणाऱ्याला त्यांचे फक्त गुडघे दिसतात.

मग जागा निवडा. वर सांगितलेलं बेंचचं गुपित इथे कामाला येतं. शेवटच्या दोन क्वार्टरमध्ये विरोधी संघ त्यांच्या स्वतःच्या बेंचच्या बाजूच्या बास्केटवर थ्रो घेणार असतो. खरी चुरस तेव्हा असते. त्यामुळे मध्यंतरात चहा-वडापाव आटोपून त्या टोकाला जागा धरा. मात्र कोर्टच्या रेषेपासून दोन मीटरच्या आत कोणतीही अडचण असता कामा नये असा नियम आहे, तुम्हीसुद्धा. गल्लीतल्या सामन्यांत पोरं अगदी बेसलाइनवर मांडी घालून बसतात. रेफरीने मागे सरकवलं तर वाद घालू नका. लेअपला, म्हणजे बास्केटजवळ धावत येऊन चेंडू टाकायला, आलेली मुलगी थांबता न येऊन तुमच्या अंगावर आली तर दोघांचंही हाड मोडेल.

सतत ओरडण्याचा उपयोग नसतो, हा माझा लाइनवरचा अनुभव. सगळेच हात हलवत असले की डोळ्यांना ते पावसासारखं एकसारखं दिसतं आणि मन त्याला बाजूला सारतं. त्रास होतो तो बदलाने. मला सगळ्यात जास्त गडबडवलं होतं ते शंभर पोरांनी एकदम गप्प होऊन. मागच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाजही ऐकू आला आणि आता सगळे माझ्याकडे बघताहेत एवढंच डोक्यात राहिलं. हे नियमात पूर्ण बसतं आणि फुकट आहे.

आता काय आणायचं नाही ते. शिट्टी, अजिबात नाही. शिट्टीने खेळाडू थांबतात, घड्याळ लावणारा गोंधळतो. लेझर किंवा मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर मारणं हा खोडसाळपणा नाही, इजा आहे. हवेचा भोंगा नको. अमेरिकेतल्या कॉलेज सामन्यांत कृत्रिम आवाजाची साधनं आणू देत नाहीत, तिथेही माणसाचा गळा चालतो. ढोलाबद्दल माझं मत आमच्या पोरांना आवडत नाही. ढोल आणा, टाइमआउटला वाजवा, मध्यंतरात वाजवा, जिंकल्यावर तर फोडा. चेंडू थ्रो घेणाऱ्याच्या हातात असताना थांबवा. चार फुटांवरचा ढोल गर्दीचा आवाज राहत नाही, त्याने रेफरीची शिट्टीही बुडते. सामन्याआधी आयोजकांना विचारून घ्या, म्हणजे मध्येच पथक उठवायची नामुष्की येत नाही.

जात, रंग, शरीर, घरच्या माणसांवरून बोलणं हे विचलित करण्यात मोडत नाही. तिथे मी सामना थांबवते आणि त्या माणसाला बाहेर काढल्याशिवाय चेंडू देत नाही. मुलींच्या सामन्यात हे जास्त ऐकू येतं, म्हणून वेगळं लिहिलं. एवढं करूनही गर्दी आवरली नाही, वस्तू फेकल्या जाऊ लागल्या, तर मुख्य रेफरी सामना थांबवू शकतो.

पायरी ८: प्रशिक्षकासाठी एक कायदेशीर खोडी

समोरच्याला लाइनवर उभं करून विचार करायला लावायचा असेल तर टाइमआउट मागा. रेफरीने टेबलाला फाउल सांगून झाल्यापासून पहिल्या थ्रोसाठी चेंडू खेळाडूच्या हाती येईपर्यंत तो मिळतो. दोन थ्रोंच्या मध्ये मिळत नाही, तेव्हा टेबलाजवळ जाऊन हात नाचवू नका. दुसऱ्या अर्ध्यात तीनच टाइमआउट असतात, त्यातलेही शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. खोडीपायी ते उडवायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पायरी ९: लाइनवर तुम्ही असाल तर

आता बाजू बदलू. गर्दी तुमच्यावर ओरडते आहे.

रोज एकाच क्रमाने टाका. माझा क्रम: उजवा पाय लाइनच्या मधल्या खिळ्याच्या सरळीत, तीन टप्पे, चेंडूची शिवण बोटांखाली आडवी, एक श्वास सोडायचा, रिंगची पुढची कड बघायची, टाकायचं. क्रम कोणता हे महत्त्वाचं नाही, तो बदलायचा नाही हे महत्त्वाचं. कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो घेणाऱ्यांच्या नजरेवर अभ्यास केला. चांगले खेळाडू टाकण्याआधी रिंगवर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात असं त्यांना दिसलं. म्हणून बोर्डामागे कोण नाचतंय ते बघायचं नाही असं स्वतःला बजावत बसू नका, त्याने उलट तेच दिसतं. डोळ्यांना काम द्या. रिंगला जाळी जिथे अडकते तो एक हूक निवडा आणि तोच बघत राहा.

पाच सेकंदांचा अंदाज हवा. आमच्या मुलींना मी "एक नाशिक, दोन नाशिक, तीन नाशिक" असं मनात मोजायला लावते, एकेक सेकंद बरोबर येतो. "चार नाशिक"च्या आत चेंडू सुटला पाहिजे. क्रम लांब असेल तर टप्पे कमी करा, श्वास कमी करू नका.

चेंडू घ्यायची घाई नको. रेफरीने तो दिल्यावरच तुमचे पाच सेकंद सुरू होतात, त्याआधी लाइनच्या मागे उभं राहून हात चोळायला भरपूर वेळ असतो. आणि हात चोळाच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला गंगापूर रोडच्या कुठल्याही कोर्टवर चेंडू दगडासारखा लागतो आणि बोटांची टोकं असून नसल्यासारखी होतात. स्पर्धेचा पहिला सामना नेमका सकाळीच लागतो.

सराव गोंगाटात करा. दमल्यावर दहा थ्रो, मोबाइलवर मिरवणुकीचा ढोल लावून, आणि दोन मैत्रिणी रांगेत उभ्या करून त्यांना वाटेल ते बोलायची मुभा. पहिल्या आठवड्यात हसूनच थ्रो हुकतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनाच बोलायचा कंटाळा येतो.

आणि रांगेतलं कुणी खरंच त्रास देत असेल तर आपण उलट बोलायचं नाही. संघाच्या कप्तानाने रेफरीजवळ जाऊन हळू आवाजात सांगायचं, "सर, चार नंबर थ्रोच्या वेळी बोलतेय, जरा बघाल का?" एवढंच. पुढच्या थ्रोला रेफरीचा कान तिकडे असतो. मीही तशीच सावध होते.

त्या संध्याकाळी सात नंबरच्या मुलीकडून कुणी काही सांगायला आलं नाही. ढोल बाजूला गेल्यावर मी सगळ्यांना पुन्हा जागेवर उभं केलं, दोन बोटं दाखवली आणि चेंडू दिला. तिने हात जीन्सला पुसतात तसे शॉर्ट्सला पुसले, चार टप्पे मारले. पहिला रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला. गर्दीने आकाश डोक्यावर घेतलं. दुसरा जाळीचा आवाज करून सरळ आत. बरोबरी. उरलेल्या अकरा सेकंदांत यजमानांना काही जमलं नाही, आणि टेबलाने जादा पाच मिनिटं लावली. तेवढ्या विश्रांतीत ढोलवाल्यांचा एक जण माझ्याजवळ येऊन विचारत होता, "ताई, आता तरी वाजवू का?"

आता वाजव म्हटलं.